दुव्याची जबाबदारी दप्तराची



खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती, पुरवठादाराचे बिल, कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक, रुग्णाचा केसपेपर. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये या प्रत्येकाची एक नोंद असते आणि नोंदीमागे एक किंवा अनेक कागद असतात. नोंद आणि कागद एकमेकांना जोडण्याचे काम बहुतेक प्रकल्पांत अगदी शेवटी, उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशात उरकले जाते. निविदेत त्याला एक ओळ मिळते, प्रशिक्षणात अर्धा तास. माझ्या मते ते सर्वांत आधी ठरवायचे काम आहे. आणि ते दप्तर ठेवणाऱ्या संस्थेचे काम आहे. दाराशी कागद घेऊन आलेल्या माणसाच्या गळ्यात ते घालता येणार नाही. माझ्या आजच्या भाषणाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मांडायला भोपाळइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री येथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. मार्च १९८५मध्ये संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावे चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. फेब्रुवारी १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. एकूण दहा लाखांहून अधिक दावे दाखल झाले आणि सुमारे ५ लाख ७४ हजार लोकांना भरपाई मिळाली. ती रक्कम पुरेशी होती का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तडजोडीची फेरतपासणी मागणारी केंद्राची याचिका मार्च २०२३मध्ये घटनापीठाने फेटाळली. मला लक्ष वेधायचे आहे ते दप्तराच्या बाजूकडे. भरपाईचा प्रत्येक दावा दोन गोष्टींवर उभा होता: माणूस त्या रात्री त्या वस्तीत होता आणि त्याच्या शरीराला इजा झाली. पहिल्या गोष्टीचा पुरावा शिधापत्रिकेत किंवा मतदारयादीत, दुसरीचा रुग्णालयाच्या कागदात. शहरातल्या हमीदिया रुग्णालयात हजारोंची रीघ लागली होती, त्या दिवसांत प्रत्येकाचा केसपेपर नीट भरला जाणे शक्यच नव्हते. जे कागद झाले ते रुग्णालयात राहिले. दावा दुसऱ्या कार्यालयात, संशोधनाच्या नोंदी तिसरीकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपले अभ्यास १९९४पर्यंत चालवले. भोपाळ मेमोरियल रुग्णालय २००० साली सुरू झाले. प्रत्येक ठिकाणचे दप्तर आपापल्या क्रमांकाने वाढत गेले. ही सगळी दप्तरे जोडणारा माणूस एकच होता, तो म्हणजे पीडित स्वतः. दोन इमारतींमधला दुवा तो आपल्या पिशवीत घेऊन फिरत होता.

९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला वैद्यकीय माहितीचे संगणकीकरण करा, प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या, असे सांगावे लागले. दुर्घटनेला तेव्हा जवळपास २८ वर्षे झाली होती. त्यानंतरही एका तपाहून अधिक काळ अंमलबजावणीचा प्रश्न जबलपूरच्या उच्च न्यायालयात येत राहिला. इतक्या उशिराची कारणे अनेक असतील, पण आपल्या व्यवसायाने त्यातून एक गोष्ट शिकायला हवी. जुने कागद स्कॅन करणे हे संगणकीकरणाचे सर्वांत सोपे अंग आहे. पानाचे चित्र झाले म्हणून ते पान कोणत्या रुग्णाचे, कोणत्या दाव्याला आधार देणारे आणि कोणत्या तपासणीनंतरचे, हे यंत्राला कळत नाही. ते कोणीतरी जाणून, जबाबदारी घेऊन लिहावे लागते. आणि जाणणारी माणसे निवृत्त झाल्यावर, काही या जगातून गेल्यावर, ते लिहिणे जवळजवळ अशक्य होते. कागद जन्मला त्या क्षणी दुवा लिहायला काही सेकंद लागतात. तीस वर्षांनी तोच दुवा शोधायला न्यायालय लागते.

दुवा ही स्वतःच एक नोंद आहे, हे आपण पुरते स्वीकारलेले नाही. चांगल्या प्रणालींनी ते फार पूर्वी स्वीकारले. सॅपच्या आर्काइव्हलिंकमध्ये कागद एका साठवणीत राहतो आणि व्यवहाराचा प्रकार, व्यवहाराचा क्रमांक, साठवणीची ओळख आणि कागदाचा क्रमांक एका वेगळ्या तक्त्यात लिहिला जातो. साठवण बदलली तरी तक्ता शाबूत राहतो. मुंबईत जन्मलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीवर ती कोणत्या प्रकारच्या आणि कोणत्या नावाच्या दस्ताला जोडली आहे, हे लिहिलेले असते. ही रचना सुटसुटीत आहे, पण एकच कागद दोन दस्तांना जोडायचा तर फाइलची दुसरी नोंद करावी लागते. व्यवहारात तर हे रोजचेच आहे. एका चलनावर तीन ऑर्डरींचा माल येतो. एका करारावर दहा वर्षांची बिले निघतात. एकाच वैद्यकीय अहवालावर रुग्णाचा उपचार, त्याची रजा आणि त्याचा विम्याचा दावा असे तिन्ही अवलंबून असतात. म्हणून दुवा अनेकांचा अनेकांशी असला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे: बिल उघडले की करार दिसावा, करार उघडला की त्यावरची सगळी बिले दिसावीत. दुव्यावर तो कोणी जोडला, कधी जोडला, कागदाची कोणती आवृत्ती जोडली आणि कशासाठी, हेही असावे. देयकाला आधार म्हणून जोडलेला कागद आणि पत्रव्यवहार म्हणून ठेवलेला कागद यांची किंमत सारखी नसते. दुवा काढून टाकला तर काढल्याचीही नोंद राहावी. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे सक्तीचे झाले आहे, आणि कंपनी कायदा हिशेबाच्या वह्या संबंधित व्हाउचरांसह आठ वर्षे जपायला सांगतो. ‘व्हाउचरांसह’ हे कायद्यानेच म्हटले आहे. वही एका सर्व्हरवर आणि व्हाउचर कोणाच्या तरी ईमेलमध्ये, अशा अवस्थेत कायद्याचा उद्देश पाळला जातो असे मला वाटत नाही.

हा विचार परदेशी सॉफ्टवेअरबरोबर आपल्याकडे आला, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रातला सातबारा पाहा. त्यावरच्या खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक क्रमांक असतो. तो फेरफाराचा क्रमांक. तो धरून गाव नमुना सहाकडे गेले की हक्क कसा बदलला ते कळते: खरेदी, वारस, वाटणी, बोजा. तेथून पुढे मूळ दस्तापर्यंत जाता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हक्कबदलाची वर्दी देण्याची, फेरफार नोंदवण्याची, संबंधितांना नोटीस देण्याची आणि नोंद प्रमाणित करण्याची पद्धत घालून दिली आहे. म्हणजे दुवा जोडला जातो, तो जाहीर केला जातो, हरकतीला वेळ दिला जातो आणि मग एक अधिकारी त्यावर सही करतो. आपल्या कितीतरी महागड्या प्रणालींमध्ये यातले फक्त पहिले पाऊल असते. सातबाऱ्याच्या साखळीतला कच्चा भाग एकच होता: मूळ दस्त दुय्यम निबंधकाकडे आणि फेरफार तलाठ्याकडे, अशी दोन दप्तरे होती आणि त्यांच्यामधली धावपळ शेतकऱ्याने करायची. नोंदणीची प्रणाली ई-फेरफाराशी जोडली गेली तेव्हा तेच अंतर कमी करण्याचा प्रयत्न झाला.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला कामाच्या ओझ्याचा. गोदामातला कारकून, बाह्यरुग्ण विभागातली परिचारिका आधीच थकलेले आहेत; त्यांना आणखी चार रकाने भरायला लावू नका, असे म्हणतात. आक्षेप रास्त आहे, पण तो रकाने वाढवणाऱ्यांवर आहे, दुव्यावर नाही. दुवा कामाच्या ओघातच पडला पाहिजे. मध्य प्रदेशाने २०२२मध्ये सीहोर आणि दतिया जिल्ह्यांत सायबर तहसील सुरू केली आणि पुढे ती राज्यभर नेली. वाद नसलेल्या, विभागणी नसलेल्या विक्रीची नोंदणी झाली की नामांतरणाचे, म्हणजे फेरफाराचे, प्रकरण आपोआप उभे राहते. खरेदीदाराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. कागद तयार होतो त्याच जागी नोंदीचा क्रमांक प्रणालीला माहीत असतो. तो तिने पुढे न्यावा, माणसाला पुन्हा विचारू नये.

दुसरा आक्षेप अलीकडचा आणि अधिक मोहक आहे. आता यंत्र कागद वाचते, शोध क्षणात होतो, कृत्रिम बुद्धिमत्ता संबंधित कागद हुडकून देते. मग दुव्याची गरज काय? शोध उपयुक्त आहे, जुन्या गठ्ठ्यांच्या बाबतीत तर त्याला पर्याय नाही. पण शोध सांगतो ते ‘हे असावे’. दुवा सांगतो ‘हे आहे, आणि मी म्हणतो’. जुन्या भोपाळच्या एकाच मोहल्ल्यात एकाच नावाची अनेक माणसे असतात, आणि तेच नाव हिंदी, उर्दू आणि इंग्रजी कागदांत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. शंभरात नव्वद वेळा बरोबर असलेला अंदाज ग्रंथालयात चालेल. भरपाईच्या दाव्यात उरलेल्या दहांचे काय करायचे? यंत्राने दुवा सुचवावा, माणसाने तपासून स्वीकारावा आणि स्वीकारणाऱ्याचे नाव दुव्यावर राहावे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य मागितले आहे. कागद बदललेला नाही, हे हॅश सांगतो. तो कागद याच माणसाचा आहे, हे सांगायला तो असमर्थ आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होत नाही. नोंदीला कागद जोडलाच पाहिजे असा नियम झाला, तर ज्याच्याजवळ कागद नाही तो माणूस बुडतो. मराठी इतिहासात याचा मोठा दाखला आहे. मुंबई इलाख्यात १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदारांनी आपला हक्क सनदांनी सिद्ध करायचा होता. कमिशनच्या हाती पुण्यातले पेशवे दप्तर होते, आणि त्याच्या रुमालांत बांधलेल्या कागदांशी ताडून दावे तपासले जात. सनद हरवली, जळाली, वाळवीने खाल्ली, किंवा पिढ्यान्‌पिढ्यांचा कब्जा होता पण लेख नव्हता, अशा कितीतरी घराण्यांची इनामे खालसा झाली. दक्षिण मराठा मुलखातल्या असंतोषाची चर्चा या कमिशनला वगळून होत नाही. तेथे दप्तरही सरकारचे, न्यायही सरकारचा आणि पुराव्याचा भार मात्र इनामदाराचा. भोपाळच्या पीडितांवरही याच आकाराचा भार पडला. वायूच्या रात्री घर सोडून पळालेल्या माणसाने नंतर कागद दाखवायचा होता.

या इतिहासावरून दुवे नकोत, असे अनुमान निघत नाही. भार चुकीच्या खांद्यावर होता, असे निघते. रुग्णालय आणि दावा कार्यालय ही दोन्ही व्यवस्थेचीच दप्तरे असतील, तर त्यांच्यातला दुवा नसणे ही व्यवस्थेची उणीव आहे आणि ती तशीच नोंदली गेली पाहिजे. आपण बांधतो त्या प्रणालीत ‘कागद जोडलेला नाही’ ही अवस्था सरसकट एक नसावी. कागद अर्जदाराने दिला नाही, कागद आमच्याच दुसऱ्या विभागात आहे पण मागवलेला नाही, कागद आमच्याकडून गहाळ झाला, कागद कधी तयारच झाला नव्हता: या चार वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांतल्या फक्त पहिलीसाठी अर्जदाराला पत्र पाठवता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत अर्ज फेटाळण्याची कळ पडद्यावर दिसूच नये. चौथीत अन्य पुरावा नोंदवायला जागा असावी. हे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. प्रणालीचा आराखडा करताना कोणाच्या बाजूने विचार करायचा, एवढेच ठरवावे लागते. गोपनीयतेचा प्रश्नही येथेच सुटतो. दुवा दिसण्याची परवानगी आणि कागद वाचण्याची परवानगी वेगळी ठेवली, तर दावा अधिकाऱ्याला अहवाल अस्तित्वात आहे हे कळेल आणि रुग्णाचा आजार सगळ्या कार्यालयाला कळणार नाही.

आता एक गोष्ट दुव्याच्या आयुष्याची. याच शहरातल्या भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर आणि जलविद्युत टर्बाइन बनतात, आणि अशी यंत्रे कित्येक दशके चालतात. त्या काळात सॉफ्टवेअर तीनदा तरी बदलते. यंत्राचा आराखडा, चाचणीचा अहवाल आणि दुरुस्तीची नोंद यांचे दुवे जर एखाद्या फोल्डरच्या पत्त्यात किंवा विक्रेत्याच्या बंद तक्त्यात असतील, तर पहिल्याच स्थलांतरात ते तुटतात. फाइली सगळ्या येतात, पण कोणती कशाची हे कळत नाही.

म्हणून या परिषदेतल्या प्रत्येक प्रतिनिधीला माझी विनंती आहे. तुमच्या हातून निघणाऱ्या पुढच्या निविदेत दोन कलमे घाला. पुरवठादार बदलताना कागदांबरोबर दुव्यांचा संपूर्ण तक्ता, जोडणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, खुल्या स्वरूपात सुपूर्द करावा. आणि संस्थेच्याच ताब्यात असलेला कागद प्रणालीने अर्जदाराकडे मागू नये. दुसऱ्या कलमावर वित्त विभाग हरकत घेईल. ते मागे घेऊ नका.