धावपट्टीच्या कुंपणाआतलं छोटं काम

मी भिलाईहून बोलतोय. माझा धंदा इमारतदुरुस्तीचा. गळकं छत, फुगलेलं प्लास्टर, गंजलेली दारं, तुंबलेलं ड्रेनेज. दोन लाख, चार लाख, फार तर आठ-दहा लाखांची कामं. मोठे ठेकेदार या कामांकडे बघत नाहीत, म्हणून ती आमच्या वाट्याला येतात. भिलाईत या धंद्याला मरण नाही. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत युनियनशी करार १९५५ साली झाला, पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला झालं. त्या काळातल्या कितीतरी इमारती आजही वापरात आहेत. साठी ओलांडलेल्या इमारतीला डागडुजी लागणारच.

आज बोलायचंय ते यातल्याच एका वेगळ्या कामाबद्दल, विमानतळाच्या आवारातल्या दुरुस्तीबद्दल. आमच्याकडे नंदिनीला, चुनखडीच्या खाणींच्या परिसरात, कारखान्याची स्वतःची धावपट्टी आहे. नेहमीचं प्रवासी विमान पकडायचं तर रायपूरला माना इथे जावं लागतं. धावपट्टी छोटी असो की मोठी, तिच्याभोवती इमारती असतातच. हँगर, अग्निशमन केंद्र, जनरेटरची खोली, पहाऱ्याची चौकी. यांचीही छतं गळतात. मग निविदा निघते: किरकोळ दुरुस्ती, चार लाख, मुदत दोन महिने.

नवीन मुलं म्हणतात, ‘काका, प्लास्टर ते प्लास्टर. इथे काय आणि तिथे काय?’ प्लास्टर तेच असतं, हे खरं. पण तिथला वेळ तुमच्या हातात नसतो. कुंपणाआतल्या कामात सिमेंटपेक्षा थांबण्याचा खर्च जड जातो. तो दर भरताना धरला नाही, तर पुढे मजुराच्या हजेरीतून निघतो, नाहीतर छतातून.

आधी दराचं गणित बघू. बऱ्याच सरकारी कामांचं अंदाजपत्रक सीपीडब्ल्यूडीच्या दिल्ली दरसूचीवरून बनतं. त्या दरात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. म्हणजे १०० रुपयांच्या कामाचा दर ११५. आता उलटं मोजा. ११५ वरून १०० वर यायला साधारण १३ टक्के कमी करावे लागतात. म्हणजे १३ टक्के ‘बिलो’ भरलंत की नफाही गेला आणि वरखर्चही गेला. तुमच्या गावात वाळू, विटा, मजुरी दरसूचीपेक्षा स्वस्त असेल तर थोडी जागा आणखी मिळते. पण ती आपल्या वहीत मांडून बघा. शेजाऱ्याने २५ भरले म्हणून आपण २७ भरायचे, याला हिशोब म्हणत नाहीत.

आता थांबण्याचा खर्च. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा पास लागतो. ओळखपत्र, फोटो, बऱ्याच ठिकाणी पोलीस पडताळणी. यात दिवस जातात. काम पाच माणसांचं असेल तर मी आठ जणांचे पास करायला टाकतो. कारण आमचा मजूर छत्तीसगढच्या खेड्यातला. धान कापणी आली की तो गावी जाणार, आणि जायलाच पाहिजे. बाहेरच्या कामावर त्याच्या जागी नाक्यावरून दुसरा आणता येतो. इथे पास नसलेला माणूस गेटवरच बसून राहतो.

पास झाला तरी सकाळी गेटवर तपासणी, अवजारांची यादी, सोबत खात्याचा माणूस. विमान येणार असेल तर काम बंद, माणसं बाजूला. समजा पाच माणसांचे रोज दोन तास असे गेले, तर दहा दिवसांत १०० तास गेले. आठ तासांच्या दिवसाने साडेबारा हजेऱ्या. सरासरी हजेरी ६०० रुपये धरली तर ७,५०० रुपये नुसते उभं राहण्याचे. आणि त्या माणसाला तुम्ही ‘तू आज सहाच तास काम केलंस’ असं म्हणू शकत नाही. तो सकाळी आठला गेटवर हजर होता.

एक बघितलेली गोष्ट सांगतो. जागेचं नाव सांगत नाही. एका तरुण ठेकेदाराने अशाच आवारातलं छताचं काम ३१ टक्के बिलोने घेतलं. जागा न बघता. ब्रिकबॅट कोबा होता, म्हणजे विटांचे तुकडे आणि मसाला घालून उतार काढायचा. सीपीडब्ल्यूडीच्या कलमात स्पष्ट आहे की पूर्ण झालेल्या गच्चीवर किमान दोन आठवडे पाणी साठवून ठेवायचं. त्यातच कोबा पिकतो आणि त्यातच गळतीची परीक्षा होते. पण दोन आठवडे पाणी ठेवायचं म्हणजे ते रोज बघायला माणूस हवा, त्याचा पास हवा, टँकर हवा. एवढे पैसे उरलेच नव्हते. चार दिवसांत पाणी सोडून दिलं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला आणि खालच्या खोलीत बॅटऱ्यांवर थेंब पडायला लागले. दोषदायित्वाचा काळ चालू, सुरक्षा ठेव अडकली, छत पदरचे पैसे घालून पुन्हा करावं लागलं. पण सगळ्यात शेवटी फटका कोणाला बसला? त्याच्या मिस्त्रीला. त्याची दीड महिन्याची हजेरी राहिली. तो नागपूरला निघून गेला.

म्हणून जागा बघितल्याशिवाय दर भरू नका. निविदेत ‘निविदाकाराने जागेची पाहणी केली आहे असे समजण्यात येईल’ अशा अर्थाचं वाक्य असतं. त्यावर सही केलीत की पुढे ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. पाहणीला गेलात की चार प्रश्न विचारा. काम कोणत्या वेळात करू देणार? पाणी आणि वीज कोण देणार, बिलातून किती कापणार? मलबा कुठे टाकायचा? शिडी-परांची किती उंच चालेल? धावपट्टीच्या जवळ उंचीला मर्यादा असते. तात्पुरती क्रेनसुद्धा परवानगीशिवाय उभी करता येत नाही.

आता शिस्तीची गोष्ट. साध्या इमारतीत काम संपल्यावर एक खिळा राहिला तर फार तर कुणाच्या चपलेत घुसेल. इथे काय होतं? २५ जुलै २००० ला पॅरिसहून उडालेलं कॉनकॉर्ड आठवा. आधी उडालेल्या विमानातून गळून पडलेली धातूची एक पट्टी धावपट्टीवर होती, अर्ध्या मीटरपेक्षाही लहान. तिने टायर फाटला, टायरचा तुकडा पंखाखाली आदळला, इंधनाची टाकी फुटली. ११३ माणसं गेली. त्यातली चार तर जमिनीवरची होती. आमच्या इथे एवढी मोठी विमानं येत नाहीत, पण तारेचा तुकडा विमान बघून वागत नाही. म्हणून माझ्या कामावर अवजारं मोजून आत जातात आणि मोजून बाहेर येतात. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या लगेच घडी करून बांधायच्या, कारण वारा सुटला की त्या थेट धावपट्टीकडे जातात.

डब्यातलं उरलंसुरलंही तिथे टाकायचं नाही. भात पडला की पक्षी येतात, आणि पक्षी म्हणजे विमानाला धोका. १९३७ च्या विमान नियमांत यासाठी वेगळा नियमच होता, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना ओढून आणेल असा कचरा टाकायचा नाही. मजुरांना हे ओरडून सांगू नका. कारण सांगा. कारण कळलं की ते तुमच्यापेक्षा जास्त सांभाळतात.

रंगाचंही तसंच. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. वैमानिक त्या वाचतो. उरलेला पिवळा रंग होता म्हणून शेजारच्या कठड्यावर मारला, असं इथे चालत नाही.

शेवटी मोजमाप. पैसा सिमेंटने मिळत नाही, मापवहीने मिळतो. जे झाकलं जाणार, ते आधी मोजून घ्या. फुगलेलं प्लास्टर काढलं, आत सळई गंजलेली निघाली, ती घासून रसायन लावलं, वर पुन्हा प्लास्टर केलं. आता त्या सळईचे पैसे मागायला गेलात तर दाखवणार काय? सीपीडब्ल्यूडीच्या करारात काम झाकण्याआधी सात दिवसांची लेखी सूचना द्यायला सांगितलंय. द्या. फोटो काढायची परवानगी नसते, तेव्हा कागदच तुमचा साक्षीदार. आणि मोजण्याची रीत शिकून घ्या. प्लास्टर मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-झरोक्याची वजावट करायची नाही, हे आयएस १२०० मध्ये आहे. झरोके बरेच असले तर हा फरक हजारांत जातो. कनिष्ठ अभियंत्याशी भांडायची गरज नाही, कलम समोर ठेवा.

बिलातून काय काय कापलं जातं तेही आधीच मांडा. आयकर, सुरक्षा ठेव, बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर, आणि करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचे २ टक्के. यातलं काही परत मिळतं, काही पुढे वळतं होतं, पण शनिवारी हजेरी वाटायच्या वेळी ते तुमच्या खिशात नसतं. आणि उद्यम नोंदणी आहे म्हणून बयाणा रक्कम माफ होईल असं धरू नका. ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या निविदेत काय लिहिलंय ते वाचूनच ठरवा.

तर पुढची निविदा भरण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे माल आणि मजुरी लिहा. उजवीकडे पास, थांबलेले तास, पाण्याचे दोन आठवडे, मलब्याची वाहतूक, कापले जाणारे पैसे. दोन्हींची बेरीज करा, त्यावर आपला नफा ठेवा, आणि मगच टक्का भरा. काम गेलं तर जाऊ द्या. गेल्या वर्षी माझ्या हातून अशी तीन कामं गेली. त्यातल्या एका कामाची निविदा या जूनमध्ये पुन्हा निघाली आहे, त्याच छताची. यावेळी जागा बघायला माझ्याबरोबर आणखी दोघे ठेकेदार आले होते, आणि दोघांच्याही हातात टेप होती.