कोंबड्यांचे जंत आणि झाडपाल्याची दवा
(शाळेच्या पटांगणांत भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



पुष्कळ घरीं मुलांच्या वह्या-पुस्तकांचा व मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर चालतो. कोंबडी ही बाईमाणसाची हक्काची ठेव. ती वाळूं लागली कीं घराला तोटा बसतो.

तुरा फिका, पिसें विस्कटलेलीं, खाऊनही अंग धरीत नाहीं, अंडीं कमी, हीं बहुधा जंतांचीं लक्षणें. दृष्ट म्हणून अंगारा लावूं नका. गोल जंताचीं अंडीं विष्ठेंतून मातींत पडतात, ओलाव्यांत 10-15 दिवसांत पिकतात व दाण्याबरोबर दुसऱ्या कोंबडीच्या पोटांत जातात. चपटा जंत मुंग्या व शेणकिडे खाल्ल्यानें होतो.

आतां औषध. पळसपापडी, वावडिंग, पपईचें बीं हीं वाडवडिलांचीं औषधें. पळसपापडी व पपईचा चीक यांचा गोल जंतांवर परिणाम होतो, हें प्रयोगांतही दिसलें आहे. परंतु बीं जून कीं कोवळें, यावर त्याचा जोर बदलतो, आणि मापाबाहेर गेलेली पळसपापडी विषारी ठरते. म्हणून ती अंदाजानें पाजूं नये.

आमचीच गोष्ट सांगतों. एका पावसाळ्यांत आम्ही नुसत्या लसणाच्या पाण्यावर विसंबलों. नऊ पिलांपैकीं पांच गेलीं. एक चिरून पाहिलें, तों आंतड्यांत शेवयांसारखे पांढरे जंत! उरलेल्या चौघांस दवाखान्यांतलें औषध दिलें, तेव्हां तीं सावरलीं. दोष लसणाचा नव्हे. न विचारतां थांबून राहिलों, हा आमचा.

सबब, आधीं झाडू हातीं घ्या. खुराडें रोज झाडा, कोरडें ठेवा, विष्ठा दूर खड्ड्यांत टाका. दाणा मातींत न फेकतां पाटींत द्या. तीन महिन्यांआंतलीं पिलें मोठ्या कोंबड्यांपासून वेगळीं ठेवा. ताजी विष्ठा पुडींत बांधून जनावरांच्या दवाखान्यांत न्या व जंत कोणता तें विचारा. पिपराझिन गोल जंतांवर चालतें, चपट्यांवर नाहीं. औषध दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस तीं अंडीं खाऊं नका, विकूं नका.

एक ध्यानांत धरा. मान वांकडी होणें व हिरवी हगवण हीं लक्षणें दिसलीं, तर तो मानमोडी, म्हणजे राणीखेत असूं शकतो. त्यावर पाला नाहीं, मागाहून औषधही नाहीं. आधीं टोचलेली लस हाच उपाय.

झाडपाल्याला हंसूं नये, आणि डोळे मिटून त्यावर भरंवसाही ठेवूं नये. पाहावें, विचारावें, मग करावें. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.