फुकटचा पेनड्राइव्ह आणि आपले दप्तर



संघटनेच्या माणसाने मजुरी आणि बोनस यांवर बोलावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. आज मात्र मी एका बोटभर वस्तूविषयी बोलणार आहे. परिषदांत, मेळाव्यांत कंपनीचे नाव छापलेला पेनड्राइव्ह फुकट मिळतो. तो शहाद्याला, धडगावला पोचतो आणि आमच्या कार्यकर्त्याचे दप्तरच बनतो. हजेरीपत्रके, फंडाचे हिशेब, वनहक्काच्या दाव्यांचे कागद, सारे त्यात जाते.

यात धोका काय? वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी बांधवाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अतिक्रमण केले म्हणून बापाने भरलेल्या दंडाची पावती आज मुलाच्या कामी येते. ती पावती जीर्ण झाली, तिचे चित्र तेवढे पेनड्राइव्हात उरले, आणि तेही उघडेना, तर दोन एकर जमीन कशाच्या आधारे मागायची?

पेनड्राइव्हात शाई नाही, फिरती तबकडीही नाही. त्यात असंख्य सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. वीज काढून घेतली तरी ते आत राहतात, हीच या युक्तीची थोरवी. पण मडके पाझरते तसा हा कप्पाही फार हळूहळू पाझरतो. पुन्हापुन्हा लिहिल्या-पुसल्याने त्याची भिंत झिजते, आणि उष्णतेने पाझर वाढतो. आपला उन्हाळा मी आपणांस सांगावयास नको! संगणकातील एसएसडी याच जातीची. तिच्यासाठी ठरलेले मानकही एवढेच मागते की, लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या एसएसडीने विजेवाचून ३० अंशांत एक वर्ष मजकूर राखावा. नवी वस्तू पुष्कळ अधिक टिकते, हे खरे.

आणखी एक गोष्ट. नंदुरबारच्या पथारीवर मिरचीची प्रतवारी होते, तशी या चिपांचीही होते. उत्तम माल मोठ्या यंत्रांत जातो. उतरलेला माल स्वस्त वस्तूंत खपतो. फुकट वाटण्यासाठी कोण कोणता माल निवडील, हे व्यापार पाहिलेल्यास कळते. शिवाय अशा वस्तूंतून रोगही येतो. २०१० साली ऑस्ट्रेलियात संगणक-सुरक्षेच्याच परिषदेत आयबीएमने वाटलेल्या पेनड्राइव्हांत व्हायरस निघाले होते.

ही फ्लॅश स्मृती शोधली जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी. १९८४ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. अब्जावधींचा धंदा उभा राहिला. आपला वाटा मागण्यासाठी या गृहस्थांना २००४ साली कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. विद्वान संशोधकाची ही गत, मग चिप जुळवणाऱ्या मुलीला कोण विचारतो? २०२३ साली शेजारच्या गुजरातेत, साणंद येथे, मायक्रॉन कंपनीचा स्मृती-चिपांच्या जुळणी-चाचणीचा कारखाना जाहीर झाला. आपली माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. उद्या त्यांची शिकलेली मुले तिकडे जातील. ती कायम कामगार म्हणून जातात की ठेकेदाराची माणसे म्हणून, यावर आपले लक्ष हवे.

पुढे काय होणार? कप्प्यांवर कप्प्यांचे मजले चढत आहेत. २०१३ साली २४ थर होते. २०२४ च्या अखेरीस ३२१ थरांचे उत्पादन सुरू झाले. पूर्वी एका कप्प्यात भरलेले की रिकामे, एवढेच पाहत. आता काही चिपांत भरतीच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे जागा वाढते, भाव उतरतो. पण थोडा पाझर झाला तरी पातळी चुकते. तेव्हा उद्याची चिप अधिक पोटाची असेल; अधिक काळ सांभाळील, असे मात्र नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. फुकटचा पेनड्राइव्ह पत्रक छापखान्यात नेण्यापुरता वापरावा, तोही तपासून. दाव्यांचे कागद दोन वेगळ्या डिस्कांवर, दोन वेगळ्या गावी ठेवावेत. दर पाडव्याला त्या जोडून प्रत्येक कागद उघडून पाहावा आणि नवी नक्कल करावी. मूळ पावती पत्र्याच्या पेटीतच राहू द्यावी. या डिस्कांचा खर्च वर्गणीतून करावा, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी तेथे अवश्य बोलावे.