डबा नवा, ओव्या जुन्या

(मंडळाच्या ‘घरच्या घरी ध्वनिमुद्रण’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. गणपतीत मुलांची गाणी मी रेकॉर्ड केली, तेव्हापासून ‘याच्या घरात स्टुडिओ आहे’ अशी बातमी दोह्यात पसरली आहे. तो स्टुडिओ म्हणजे बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपड्यांचं कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधली चार फूट जागा. मी गायक नाही, वादकही नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्याला आयटी कन्सल्टंट. त्यामुळे आजचं बोलणं थोडं आकड्यांचं आणि थोडं आईचं असणार आहे.

आधी आकड्यांचं. माईकमधून येतो तो विजेचा अगदी बारीक प्रवाह. तो मोठा करायला प्रीअँप लागतो. मग त्याचे आकडे करायला कन्व्हर्टर लागतो, आणि ऐकताना त्याच आकड्यांचा पुन्हा आवाज करायला दुसरा कन्व्हर्टर. ही सगळी मंडळी एकाच डब्यात राहतात, त्या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणायचं. सीडीसाठी हा कन्व्हर्टर आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा केली तर काही हरवत नाही, हे गणित सिद्ध झालेलं आहे. प्रत्येक वेळी किती बारीक मोजायचं ते बिट ठरवतात. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिट म्हणजे ९६ डेसिबल, २४ बिट म्हणजे कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगल्यातला चांगला डबासुद्धा १२०च्या आसपास थांबतो.

माझा पहिला डबा भारतात परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून दोनशे रियालला घेतला होता. १६ बिटचा. गेन वाढवला की मागून ‘स्स्स’ असा आवाज यायचा, आणि ड्रायव्हर इतका जुना की लॅपटॉप अपडेट केला की डबा रुसायचा.

त्याच सुमारास मे महिन्यात आई दोह्याला आली. तिचं माहेर मुळशी तालुक्यातलं. लहानपणी आजीबरोबर पहाटे जात्यावर बसलेली. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं बंद झालं, पण ओव्या डोक्यात राहिल्या. एक दिवस ती स्वयंपाकघरात परातीत कणीक मळत असताना सहज गुणगुणायला लागली. मी म्हटलं, “आई थांब, रेकॉर्ड करतो.” ती म्हणाली, “अरे, मी काय लता मंगेशकर आहे? आणि त्या डब्याकडे बघून गाऊ का?” म्हटलं, “डब्याकडे बघू नकोस, कणकेकडे बघ.”

तासाभरात तिने त्रेचाळीस ओव्या म्हटल्या. रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि माझ्यातला इंजिनियर खचला. मागे एसीची घरघर, लॅपटॉपच्या चार्जरमुळे आलेली ५० हर्ट्झची ‘हूं’, दोन ओव्यांच्या मधे कुकरची शिट्टी. आई जिथे आवाज चढवते तिथे आवाज फाटलेला. मी त्या फोल्डरला नाव दिलं ‘टेस्ट - डिलीट’, आणि ठरवलं की चांगला डबा घेऊ आणि आई पुढच्या वेळी आली की नीट करू.

पुढचे काही महिने मी अभ्यास केला. आयटीवाल्यांचा अभ्यास कसा असतो तुम्हाला माहीत आहे, एक्सेल शीट! आडवे रकाने, उभे रकाने, दशांश चिन्हापर्यंत डेसिबल. बायको म्हणाली, “आपलं लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस.” शेवटी १,९०० रियालचा २४ बिटचा डबा घरी आला.

खरं सांगतो, डबा उत्तम आहे. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. २४ बिटचा खरा फायदा असा की रेकॉर्डिंगची पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी बारकावे शिल्लक राहतात आणि गाणाऱ्याने अचानक वरचा सूर लावला तरी आवाज फाटत नाही. प्रीअँप शांत. वेगळ्या ड्रायव्हरची कटकट नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येण्याचा त्रासही कमी झाला. पूर्वी मला बफर १,०२४ सँपलचा ठेवावा लागायचा, म्हणजे एका बाजूलाच २३ मिलिसेकंद. आता १२८वर चालतं, म्हणजे ३ मिलिसेकंदांहूनही कमी. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

पण एका संध्याकाळी मी मोबाईलवरच्या मीटरने खोलीतला आवाज मोजला. एसी चालू असताना ४२ डेसिबल. आईसारखं साधं गाणं माईकपाशी साधारण ७५. फरक ३३. सहाने भागा. साडेपाच बिट! म्हणजे माझ्या खोलीची ऐपत साडेपाच बिटांची, आणि मी भांडत होतो सोळा की चोवीस यावर. सोनाराच्या काट्यावर बटाटे तोलण्यातला प्रकार. डिसेंबरच्या रात्री एसी बंद करून मोजलं तर २८ भरले. फरक ४७, म्हणजे जेमतेम आठ बिट. बटण दाबून एसी बंद करण्याने जे मिळालं, ते १,९०० रियालने मिळालं नव्हतं. माईक तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणला तर आणखी ६ डेसिबल, म्हणजे एक बिट फुकट. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर ती ‘हूं’सुद्धा गायब. हे सगळं मला जुन्या डब्यावरही करता आलं असतं.

पहिल्या खेपेनंतर दीड वर्षाने, डिसेंबरात आई पुन्हा आली. मी जय्यत तयारीत. एसी बंद, फ्रिज बंद, भिंतीवर दोन गोधड्या, मधे खुर्ची, खुर्चीसमोर माईक. आई बसली. हात मांडीवर. आणि ओवी आठवेना. पहिली ओळ यायची, दुसरीला अडायची. माझ्याकडे बघून कसनुसं हसायची. दोन बैठका झाल्या, एकोणतीस ओव्या मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, आजीला पीठ दे ना.” माईक स्वयंपाकघरात नेला, परात दिली. हात फिरायला लागले तशा आणखी पाच सुटल्या. चौतीस. उरलेल्या नऊ आल्याच नाहीत. पहिल्या शब्दाची आठवण करून दिली, जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती ऐकून म्हणाली, “हो, आवाज माझाच आहे. पण आता नाही रे येत.” दीड वर्षात काय झालं ते तिलाही सांगता येईना. वय झालं म्हणा, गोधड्या म्हणा.

त्या नऊ ओव्या आज फक्त ‘टेस्ट - डिलीट’ या फोल्डरमध्ये आहेत. दोनशे रियालच्या डब्यातल्या, घरघर आणि कुकरसकट. मी त्या डिलीट केल्या नाहीत याला माझी हुशारी नव्हे, आळस कारणीभूत आहे.

जात्यावरच्या ओव्यांचं फार मोठं काम आपल्याकडे झालेलं आहे, ते मला नंतर वाचताना कळलं. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक माझ्यासारखेच कॉम्प्युटरवाले. त्यांनी नव्वदच्या दशकात १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. पॉइतव्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पण ठेवा राहिला, आणि ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून तो लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. माझ्या फाईलवर आईचं नावही नव्हतं.

अभिजात संगीतातलंही उदाहरण देतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला होते, ते त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी, १९४६ साली गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आजही आपण ऐकतो, खरखरीसकट ऐकतो. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं मात्र रेकॉर्डवर नाही. ते कसं होतं हे शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून ताडायचं. खरखरणारी तबकडी आणि काहीच नसणं, यातलं अंतर डेसिबलमध्ये मोजता येत नाही.

आपण राहतो त्या देशातही हेच घडलेलं आहे. मोती काढायला जाणाऱ्या आखाती जहाजांवर गाण्यासाठी एक खास माणूस असे, त्याला ‘नहाम’ म्हणत. दोर ओढताना, वल्ही मारताना तो गायचा आणि बाकीचे साथ द्यायचे. जपानी कृत्रिम मोती आले, मग तेल आलं, आणि तो धंदा संपला. जातं थांबलं तशी ओवी अडली, दोर सुटला तसं नहामचं गाणं अडलं. हाताच्या कामाला बांधलेलं गाणं खुर्चीवर बसवून मिळत नाही, हे मला परातीने शिकवलं.

आता कामाचं, म्हणजे चहाच्या वेळी प्रश्न कमी येतील! आधी खोली बघा, एसी आणि पंखा बंद करा. शक्य असेल तर इथला हिवाळा पकडा. माईक जवळ घ्या, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. चांगला माईक आणि बंद हेडफोन यांवर आधी खर्च करा, डबा त्यानंतर. डबा कधी बदलायचा? ड्रायव्हर मिळेनासा झाला, गेन वाढवल्यावर मागचा ‘स्स्स’ खोलीच्या आवाजापेक्षा मोठा वाटला, किंवा एका वेळी दोनपेक्षा जास्त माईक लागायला लागले, तर जरूर बदला. नुसत्या आकड्यांसाठी नको. फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, एमपीथ्री फक्त वाटण्यासाठी. तीन प्रती ठेवा, त्यातली एक भारतात. आणि फाईलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. ‘टेस्ट - डिलीट’ लिहू नका.

यंदा आपल्यापैकी बरेच जण दिवाळीला घरी जातील. कुणाची आजी भोंडल्याची गाणी म्हणत असेल, कुणाचे काका भजनी मंडळात असतील. चांगला डबा येईपर्यंत थांबू नका. खिशातला मोबाईल टेबलावर ठेवा, पंखा बंद करा आणि त्यांना त्यांचं नेहमीचं काम करू द्या. करंज्या करताना म्हणतील तर करंज्या करताना.

आमच्याकडे आता मुलगी त्या नऊ ओव्या म्हणते. जुन्या रेकॉर्डिंगवरूनच शिकली, त्यामुळे सातवी ओवी संपली की ती न चुकता तोंडाने कुकरची शिट्टी वाजवते. फोनवर आई हसते. मी अजून ती शिट्टी काढून टाकलेली नाही.