संगणकाचा शजरा
(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शजरा जपून ठेवलेला असतो. कोण कोणाचा मुलगा, कोणती शाखा कोठून फुटली, हे त्यावरून कळते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकालाही असाच शजरा असतो.

संगणकात चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, ही रीत १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये सुरू झालेल्या युनिक्सपासूनची आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सनेही ती ठेवली. टर्मिनलमध्ये लहान रोमन अक्षरांत 'पीएस -ईएफ' असे टाइप करा. 'पीआयडी' या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक आणि 'पीपीआयडी' या रकान्यात तिच्या पालकाचा क्रमांक दिसेल. 'पीएसट्री -पी' असे लिहिले तर क्रमांकांसह सारा वृक्षच डोळ्यांसमोर येतो. आपण चालवतो त्या कार्यक्रमांचा मूळपुरुष म्हणजे क्रमांक १.

पालक आधी संपला, तर पोरक्या प्रोसेसला बहुधा हाच क्रमांक १ सांभाळतो. काम संपूनही पालकाने जिची नोंद घेतली नाही, ती 'झोंबी' म्हणून यादीत राहते. ती मेलेलीच असते. तिला पुन्हा मारता येत नाही. दोष पालकात शोधावा लागतो.

मित्रहो, याचा उपयोग काय? ब्राउझर अडकला की आपली मुले सरळ वीज बंद करतात. त्याच संगणकावर जतन न केलेला निबंध असेल, तर तासाभराची मेहनत जाते. त्यापेक्षा वृक्ष पाहावा. एक अपत्य बंद केले, तर एखाददुसरे पान जाईल. पालक बंद केला, तर ब्राउझरच जाईल, पण निबंध शाबूत राहील. 'किल' आणि क्रमांक लिहिला की प्रोसेसला १५ क्रमांकाचा इशारा जातो व तिला आवराआवर करता येते. ९ क्रमांकाचा इशारा ती उसंतही देत नाही. म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. क्रमांक मात्र दोनदा वाचावा.

या आज्ञांना फी पडत नाही, लिनक्सलाही नाही. पालकहो, आपल्या मुलांना केवळ बटणे दाबणारे होऊ देऊ नका. आत काय चालले आहे, हे विचारण्याची सवय लावा. मुलींनाही तितकीच संधी द्या.