प्रकाशाचा डावा-उजवा

मी तोफखान्यातला निवृत्त अधिकारी, शास्त्रज्ञ नव्हे. पण धुक्यात पलीकडचं दिसत नाही, हा आम्हा तोफखानेवाल्यांचा जुना प्रश्न. त्यामुळेच मी या विषयाकडे वळलो.

प्रकाशलहरीतलं विद्युतक्षेत्र कधीकधी मळसूत्रासारखं फिरत पुढे जातं. ते डावं असतं किंवा उजवं. याला वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. मॅन्टिस श्रिंप या समुद्री प्राण्याला कळतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. धुक्याच्या थेंबांवर वारंवार आदळूनही हे फिरणं रेषीय ध्रुवणापेक्षा जास्त टिकतं. म्हणून ते ओळखणारं उपकरण हवं.

साधा सिलिकॉन फोटोडायोड उजेड किती एवढंच सांगतो. डावं-उजवं ओळखायचं, तर त्याच्यापुढे क्वार्टर-वेव्ह प्लेट आणि ध्रुवक लावावा लागतो. साधी प्लेट एकाच तरंगलांबीला नेमकी चालते. आपल्या एस. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये तीन चकत्या ठरावीक कोनांत रचून अनेक रंगांना चालणारी प्लेट सुचवली. मार्ग सुंदर, पण चकत्या वाढल्या की वजन वाढतं आणि कोन जुळवण्याचं कामही. गाडीच्या हादऱ्यांत जुळवलेले कोन टिकवणं किती कठीण, हे फौजेत कुणालाही विचारा.

दुसरा मार्ग म्हणजे सेमीकंडक्टरलाच डावं-उजवं करायचं. उजवा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसंच हे. २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी हेलिसीन या गोल जिन्यासारख्या वळलेल्या रेणूचा ट्रान्झिस्टर केला. रेणू ज्या वळणाचा, त्यानुसार तो डाव्या-उजव्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देतो. पुढे चकत्या नाहीत, कोन जुळवणं नाही. २०१९ मध्ये असंच काम कायरल पेरोव्स्काइट वापरूनही झालं.

आता फौजी सवयीने दोन प्रश्न. पहिला, ओळख किती पक्की? ती मोजणाऱ्या आकड्याची कमाल किंमत २. शून्य म्हणजे डावं-उजवं सारखंच; २ म्हणजे एकालाच प्रतिसाद. दुसरा, टिकतं किती? पेरोव्स्काइटला ओलावा सोसत नाही, आणि धुकं म्हणजे ओलावाच.

तेव्हा तरुण मित्रांनो, नव्या डिटेक्टरची बातमी वाचाल, तेव्हा हे दोन आकडे आधी शोधा. प्रयोगशाळेतली चिप आणि चौकीवरचं उपकरण यांतलं अंतर त्यावरूनच कळेल. ते अंतर कापण्याचं काम अजून बाकी आहे, आणि ते तुमचं आहे.

जय हिंद.