राखीव जागांचा त्याग
(महोत्सवी सभेतील भाषण)



देवळाच्या महोत्सवात राजकारण कशास, असे कोणी म्हणेल. परंतु आपले तरुण विचारतात की, ख्रिस्ती लोकांस कायदेमंडळांत राखीव जागा का नसाव्यात? त्यांस उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

त्या जागा हाताशी आल्या होत्या. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात मद्रास व मुंबई प्रांतांतील ख्रिस्ती समाजासाठी तशी तरतूद होती. १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेने ती सोडून दिली. आणि सोडा म्हणणाऱ्यांत ख्रिस्तीच होते. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, तसेच जेसुइट फादर जेरोम डिसोझा. त्यांनी योग्य तेच केले, असे आमचे स्पष्ट मत आहे. धर्माच्या नावे वेगळी मांडलेली खुर्ची शेजाऱ्याच्या मनातही आपणांस वेगळे बसविते.

हक्क राखले ते श्रद्धेचे व शिक्षणाचे: २५ व्या कलमातील धर्मप्रसार आणि ३० व्या कलमातील शाळा. २५ वे कलम सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. गावात दंगल पेटली असता देवळाचे दारही उघडत नाही. मात्र मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्याने धर्मांतराची वर्दी जिल्हा दंडाधिकाऱ्यांस देणे धर्मगुरूंस भाग पाडले, व १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. निर्णय शिरोधार्य, पण मनास पटत नाही. आत्म्याचा हिशेब कचेरीत कशास?

असो. मतदारयादीत ज्यांचे नाव नाही, त्यांचे अर्ज भरून देण्यास आपल्या शाळेतील शिक्षक येत्या रविवारी मिस्सेनंतर बसणार आहेत.